सोडवण्याआधीचे काम

१९१० साली लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने नाईल नदीवरच्या आस्वान धरणाच्या दगडी भिंतीत कुठे किती ताण येतो याचे गणित मांडले. ताणाचे मूळ विकलक समीकरण कागदावर सुटण्यासारखे नव्हते. म्हणून त्याने भिंतीच्या छेदावर चौकटी आखल्या, प्रत्येक छेदनबिंदूवरची किंमत अज्ञात मानली आणि तिचा शेजारच्या बिंदूंशी असलेला संबंध सांगणारी साधी समीकरणे लिहिली. मग अंदाजाने किमती भरायच्या, समीकरणांत किती फरक उरतो ते पाहायचे, त्या फरकाच्या प्रमाणात किमती सुधारायच्या आणि पुन्हा फरक पाहायचा. आकडेमोडीला त्याने मुले लावली होती. मजुरी नगावर होती आणि चुकलेली गणिते तिच्यातून वजा होत.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात आपल्या कोयना धरणाच्या काँक्रीटच्या भिंतीला तडे गेले. पुढे त्या भिंतीचा छेद भूकंपातले धरणांचे वर्तन तपासणाऱ्या संगणकीय पद्धतींसाठी जगभर नमुना म्हणून वापरला जाऊ लागला. आज अशा भिंतीचे, तिच्याखालच्या खडकाचे आणि मागच्या पाण्याचे त्रिमितीय प्रतिमान करायला बसले, तर अज्ञातांची संख्या सहज काही लाखांवर जाते. समीकरणांचा स्वभाव मात्र रिचर्डसनच्या काळचाच राहतो. एका बिंदूचा संबंध फक्त लगतच्या बिंदूंशी येतो. लाखो स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये एकेका ओळीत पाच-सात, फार तर काही डझन आकडे असतात आणि बाकी सगळी शून्ये. अशा मॅट्रिक्सला विरळ म्हणतात. या पुस्तकाचा विषय विरळ मॅट्रिक्सची प्रचंड समीकरणे सोडवणे हा आहे.

आकडे डोळ्यांसमोर असलेले बरे. एका चौकोनी पत्र्यावर आडव्या-उभ्या हजार-हजार बिंदूंची जाळी टाकून स्थिर तापमान काढायचे आहे, असे धरा. अज्ञात दहा लाख. मॅट्रिक्समधल्या जागा एक लाख कोटी, पण त्यांतल्या शून्येतर जागा पन्नास लाखांहून थोड्या कमीच. शून्ये धरून सगळी मॅट्रिक्स साठवली तर आठ टेराबाइट लागतात. नुसते शून्येतर आकडे आणि त्यांचे पत्ते ठेवले तर शंभर मेगाबाइटच्या आत भागते. शाळेत शिकलेली लोप पद्धत शून्यांकडे न पाहता जशीच्या तशी चालवली, तर सेकंदाला एक लाख कोटी क्रिया करणारे यंत्रही सात-आठ दिवस गुंतून पडेल.

लोप पद्धत शहाणपणाने वापरली तर चित्र बरेच सुधारते, हे इथेच सांगितले पाहिजे. अडचण अशी की एक चल काढून टाकले की त्याचे सगळे शेजारी एकमेकांशी जोडले जातात आणि शून्य असलेल्या जागा भरू लागतात. कोणते चल आधी काढायचे याचा क्रम नीट लावला तर ही भर आटोक्यात राहते. १९७३ मध्ये ॲलन जॉर्ज यांनी जाळीचे दोन भाग करायचे, मधली रेघ शेवटी ठेवायची आणि हेच प्रत्येक भागात पुन्हा करायचे, असा क्रम सुचवला. पत्र्यासारख्या द्विमितीय प्रश्नांना तो इतका चांगला लागू पडतो की तिथे रिचर्डसनसारख्या, पुनरावृत्तीच्या पद्धतींच्या मागे लागण्याचे अनेकदा कारणच नसते. या पुस्तकाचा लोप पद्धतीशी वैरभाव नाही. पण प्रश्न त्रिमितीय झाला की दोन भागांना वेगळी करणारी रेघ जाऊन तिथे पूर्ण पृष्ठभाग येतो, भर झपाट्याने वाढते आणि आधी स्मृती संपते, वेळ नंतर. तिथे रिचर्डसनची वाट धरावी लागते.

ती वाट त्याच्याही आधीची आहे. २६ डिसेंबर १८२३ रोजी गाउसने आपला जुना विद्यार्थी गेर्लिंग याला पत्र लिहिले. गाउस तेव्हा हॅनोव्हरच्या भूमापनात बुडालेला होता. मोजलेले कोन एकमेकांशी जुळवायचे तर समीकरणांचे संच रोजच सोडवावे लागत. पत्रात त्याने एक अप्रत्यक्ष रीत उदाहरणासह दाखवली: ज्या समीकरणात सर्वांत जास्त फरक उरला आहे ते निवडा, त्याचे चल दुरुस्त करा आणि पुढच्या सर्वांत मोठ्या फरकाकडे वळा. दोनापेक्षा जास्त अज्ञात असतील तर तुम्ही आता सरळ लोप क्वचितच कराल, असे त्याने लिहिले. हे काम अर्धवट झोपेत किंवा दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत असतानाही होते, हेही त्याने आवर्जून नोंदवले. ज्याच्या नावाने लोप पद्धत ओळखली जाते त्याचेच हे मत आहे, आणि ते रोजच्या हिशोबातून आलेले आहे.

माझ्या मते मात्र या विषयाचा खरा जन्म १८४५ मध्ये, याकोबीच्या एका छोट्या लेखात झाला. याकोबीने गाउसच्याच ग्रहगणिताच्या ग्रंथातली तीन समीकरणे उदाहरणाला घेतली:

२७क्ष + ६य = ८८
६क्ष + १५य + झ = ७०
य + ५४झ = १०७

कर्णावरचे आकडे २७, १५ आणि ५४ मोठे आहेत, म्हणून प्रत्येक समीकरणातून त्याचे-त्याचे चल काढायचे, बाकीच्यांच्या जागी मागच्या फेरीच्या किमती ठेवायच्या आणि फेऱ्या करत राहायचे. आज आपण याला याकोबीची पद्धत म्हणतो. वरच्या समीकरणांवर ती तशीच चालवली तर चूक दर फेरीला साधारण ०.३ पट होते, म्हणजे एक दशांश स्थळ पक्के व्हायला दोन फेऱ्या लागतात. याकोबीला ते पुरेसे वाटले नाही. पहिल्या दोन समीकरणांतला ६ हा दुवा कर्णावरच्या आकड्यांच्या मानाने बराच मोठा आहे, हे त्याने हेरले. क्ष आणि य यांच्या अक्षांना २२ अंश ३० मिनिटांचे वळण दिले की नव्या चलांमधला तो दुवा पूर्ण नाहीसा होतो. कर्णावर सुमारे २९.५ आणि १२.५ येतात, आणि उरतात ते फक्त झशी असलेले किरकोळ दुवे. आता तीच पद्धत चालवली की चूक दर फेरीला ०.०४ पटीहूनही कमी होते. वाचकाने हे कागदावर करून पाहावे; तीन-चार फेऱ्यांत क्ष = २.४७, य = ३.५५, झ = १.९२ हे उत्तर स्थिर होते.

फेऱ्यांची रीत तीच राहिली. बदलली ती फेऱ्या सुरू होण्याआधीची मांडणी, आणि सगळा फरक तिथेच पडला. सोडवण्याआधी समीकरणांना असे रूप द्यायचे की साधी पद्धतही भराभर उत्तराकडे जाईल, यालाच आज आपण प्रीकंडिशनिंग म्हणतो. पुस्तकांत आणि अभ्यासक्रमांत पद्धतींची नावे पानोपानी येतात आणि प्रीकंडिशनिंग शेवटच्या प्रकरणात, वेळ उरला तर. हे प्रमाण उलटे असायला हवे, ही माझी ठाम धारणा आहे आणि या पुस्तकाची रचना तिच्यावरच उभी आहे. पद्धती मोजक्या आहेत आणि बहुतेक तयार मिळतात. प्रश्नाचे ज्ञान गणितात उतरते ते प्रीकंडिशनरमधून.

आपल्या पत्र्याकडे परत येऊ. हजार बाय हजारच्या जाळीवर चूक दहा लाखांशावर आणायला याकोबीच्या पद्धतीला सुमारे २८ लाख फेऱ्या लागतात. ताजी किंमत मिळताच ती वापरणाऱ्या गाउस-सायडल पद्धतीला त्याच्या निम्म्या. कारण समजायला अवघड नाही. एका फेरीत एका बिंदूची बातमी फक्त लगतच्या बिंदूपर्यंत पोहोचते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला खडबडीत फरक त्यामुळे चटकन सपाट होतो, पण साऱ्या पत्र्यावर पसरलेली सौम्य, लांब लाटेची चूक हलायला तयार नसते. १९५० मध्ये डेव्हिड यंग यांनी हार्वर्डच्या आपल्या प्रबंधात दाखवले की प्रत्येक दुरुस्ती नेमक्या प्रमाणात थोडी जास्तच केली तर फेऱ्या सुमारे २,२०० वर येतात. मात्र ते प्रमाण आधी ठाऊक असावे लागते, आणि वाकड्यातिकड्या आकाराच्या खऱ्या प्रश्नात ते सहसा ठाऊक नसते.

त्यातून सोडवणूक केली कॉन्ज्युगेट ग्रेडियंट पद्धतीने. मॅग्नस हेस्टेनेस यांनी अमेरिकेत आणि एडुआर्ड श्टीफेल यांनी झुरिकमध्ये ती स्वतंत्रपणे शोधली आणि १९५२ मध्ये दोघांनी मिळून प्रसिद्ध केली. कॉर्नेलियस लांझोश त्याच सुमारास त्याच विचाराजवळ पोहोचले होते. या पद्धतीला कोणतेही प्रमाण बाहेरून द्यावे लागत नाही. प्रत्येक फेरीत मॅट्रिक्सचा एका सदिशाशी एकदा गुणाकार करायचा, आणि आजवर पाहिलेल्या सर्व दिशांतून मिळू शकणारे सर्वोत्तम उत्तर तिच्या हाती येते. तरीही जवळजवळ वीस वर्षे ती मागे पडली. जितके अज्ञात तितक्या फेऱ्यांत नेमके उत्तर, अशी तिची ओळख करून दिली गेली होती, आणि पूर्णांकनाच्या चुकांमुळे ते वचन प्रत्यक्षात पाळले जात नसे. १९७१ मध्ये जॉन रीड यांनी तिच्याकडे पुनरावृत्तीची पद्धत म्हणून पाहायला लावले. विरळ आणि प्रचंड मॅट्रिक्सवर ती अज्ञातांच्या संख्येहून कितीतरी कमी फेऱ्यांत कामापुरते उत्तर देते. आपल्या पत्र्यासाठी तिची सैद्धांतिक हमी साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपासची आहे. प्रत्यक्षात त्याहून कमी लागतात.

ती हमी ज्या आकड्यावर अवलंबून आहे त्याला कंडिशन नंबर म्हणतात. हे नाव ॲलन ट्युरिंग यांच्या १९४८ च्या, मॅट्रिक्सच्या गणितातल्या पूर्णांकनाच्या चुकांवरील लेखातून रूढ झाले, आणि समीकरणांचे प्रीकंडिशनिंग हा शब्दप्रयोगही त्याच लेखात आहे. पत्र्याच्या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर सुमारे चार लाख. फेऱ्या त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे जाळी दुप्पट बारीक केली की कंडिशन नंबर चौपट आणि फेऱ्या दुप्पट.

१९७७ मध्ये मायेरिंक आणि व्हान डेर व्होर्स्ट या दोन डच गणितज्ञांनी लोप आणि पुनरावृत्ती यांना एकत्र आणले. लोप करायचा, पण जिथे मूळ मॅट्रिक्समध्ये शून्य आहे तिथे येणारी भर टाकून द्यायची. उरतात ते दोन विरळ त्रिकोणी भाग. त्यांचा गुणाकार मूळ मॅट्रिक्सइतका नेमका नसतो, पण जवळचा असतो, आणि त्यांची समीकरणे सोडवायला जवळजवळ काहीच पडत नाही. प्रत्येक फेरीत उरलेला फरक आधी या दोन भागांतून गाळून घ्यायचा. पत्र्यावर याने फेऱ्या साधारण तिपटीने कमी होतात. टाकलेली भर कर्णावर जमा केली तर, गुस्ताफसन यांनी १९७८ मध्ये दाखवल्याप्रमाणे, जाळी दुप्पट बारीक झाल्यावर फेऱ्या दुप्पट न होता सुमारे १.४ पटच होतात. एवढ्याशा बदलातून इतका मोठा लाभ या विषयात क्वचितच मिळतो.

प्रीकंडिशनरकडून दोन परस्परविरोधी मागण्या असतात. तो मूळ मॅट्रिक्सच्या शक्य तितका जवळ हवा, आणि त्याची समीकरणे सोडवणे शक्य तितके स्वस्त हवे. फक्त पहिली मागणी धरली तर मूळ मॅट्रिक्सच हाती येते आणि काम जिथल्या तिथे राहते. फक्त दुसरी धरली तर काही न केल्यासारखेच. मधली जागा कुठे आहे हे मॅट्रिक्सकडे नुसते पाहून कळत नाही. ती कुठून आली ते पाहावे लागते.

दख्खनच्या बेसॉल्टमधल्या भूजलाचे प्रतिमान घ्या. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. विदीर्ण आणि भेगाळ थरातून पाणी वाहते, खालच्या घट्ट पाषाणातून जवळजवळ नाही, आणि दोघांच्या वहनक्षमतेत कित्येक पटींचा फरक असतो. त्यात प्रतिमानाच्या पेशी पसरट असतात. दोनशे मीटर लांब-रुंद आणि दहा मीटर जाड पेशी धरली, तर खडक सगळीकडे सारखा असतानाही वरच्या-खालच्या पेशीशी असलेला दुवा बाजूच्या पेशीशी असलेल्या दुव्याच्या ४०० पट बळकट होतो. थर बदलला की हे प्रमाण पुन्हा बदलते. एकेका बिंदूची दुरुस्ती करणारी कोणतीही रीत इथे अडखळते, कारण वरची पेशी दुरुस्त केली की खालची लगेच तिला जुन्या किमतीकडे ओढते. पण उभा स्तंभच्या स्तंभ एकत्र सोडवला तर बळकट दुवे नेमके सुटतात, आणि एका स्तंभाची समीकरणे तीन कर्णांची असल्याने ती सोडवणे अगदी स्वस्त आहे. उरलेले अशक्त दुवे फेऱ्यांवर सोपवता येतात. हे सुचायला विशेष गणित लागत नाही. विहीर खणताना कोणता थर कुठे लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याला ते लवकर सुचेल. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या मॉडफ्लो या भूजलाच्या प्रोग्रॅममध्ये प्रीकंडिशनरसह कॉन्ज्युगेट ग्रेडियंट १९९० पासून आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने त्यात पेशींचा क्रम बदलून फेऱ्या मोजून पाहाव्यात.

मल्टिग्रिडला पुस्तकात दोन प्रकरणे दिली आहेत, म्हणून इथे थोडक्यात. लांब लाटेची चूक बारीक जाळीवर हलत नाही, पण विरळ जाळीवर नेली की तीच खडबडीत दिसू लागते आणि चटकन सपाट होते. फेदोरेंको यांनी १९६० च्या दशकात मॉस्कोत हे मांडले आणि आखी ब्रांट यांच्या १९७७ च्या लेखानंतर ते सर्वत्र पसरले. आपल्या पत्र्यावर दहा-बारा आवर्तनांत काम होते आणि जाळी कितीही बारीक केली तरी तो आकडा फारसा वाढत नाही. गुळगुळीत प्रश्नांसाठी याहून चांगले काही मला माहीत नाही.

समांतर संगणकांनी या साऱ्या हिशोबाला वेगळे वळण दिले. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तेव्हा अनेक प्रोसेसरांना काम वाटून देणे हाच मुख्य प्रश्न होता, आणि तो आजही आहे. मायेरिंक आणि व्हान डेर व्होर्स्ट यांचे त्रिकोणी भाग ओळीने सोडवावे लागतात. एक किंमत आल्याशिवाय पुढची काढता येत नाही. हजारो प्रोसेसर अशा वेळी हात बांधून उभे राहतात. म्हणून बिंदूंना रंग देऊन एका रंगाचे सगळे बिंदू एकदम सोडवणे, प्रदेशाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा सोडवणे, असे उपाय पुढे आले. तुकड्यांची कल्पना श्वार्झने १८७० मध्ये एका शुद्ध गणिताच्या सिद्धतेसाठी वापरली होती. जास्त फेऱ्या घेणारा प्रीकंडिशनर कमी वेळात काम उरकतो, असेही इथे घडते. फेऱ्यांची संख्या आणि घड्याळातला वेळ ही दोन वेगळी मापे आहेत, आणि पुस्तकातल्या प्रत्येक तक्त्यात मी दोन्ही दिली आहेत. जगातले सर्वांत वेगवान संगणकसुद्धा विरळ मॅट्रिक्सच्या कॉन्ज्युगेट ग्रेडियंटवर आपल्या कमाल वेगाच्या जेमतेम काही टक्क्यांपर्यंत पोहोचतात, कारण आकडेमोडीपेक्षा आकड्यांची ने-आण महाग पडते.

थांबायचे कधी, याकडे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात आणि इथेच सर्वांत मोठी फसगत होते. समीकरणांत उरलेला फरक मोजता येतो. उत्तरातली चूक मोजता येत नाही, कारण खरे उत्तर ठाऊक नसते. दोघांमध्ये कंडिशन नंबर उभा असतो. पत्र्याच्या प्रश्नात उरलेला फरक सापेक्षतः दहा लाखांश झाला, तरी उत्तरातली सापेक्ष चूक ४० टक्क्यांपर्यंत असू शकते, एवढीच काय ती हमी. प्रत्यक्ष चूक बहुधा त्याहून बरीच कमी असते, पण धरणाच्या ताणाचा आकडा ‘बहुधा’वर सोडता येत नाही. त्यामुळे थांबण्याच्या कसोटीचे प्रकरण मी पद्धतींच्या आधी ठेवले आहे.

इथवरचे बहुतेक विवेचन सममित, धन मॅट्रिक्सचे झाले. वाहते पाणी, वारा, ध्वनिलहरी आल्या की सममिती किंवा धनता जाते आणि पायाखालची जमीन बरीच मऊ होते. साद आणि शुल्ट्झ यांची १९८६ ची जीएमआरईएस पद्धत तिथे चालते, पण तिला मागच्या सगळ्या दिशा साठवून ठेवाव्या लागतात. मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू पाहून तिचा वेग सांगता येईल ही आशाही ग्रीनबाउम, प्ताक आणि स्त्राकोश यांनी १९९६ मध्ये संपवली: फरक कमी होण्याचा, न वाढणारा, कोणताही आलेख काढा आणि शून्येतर आयगेनव्हॅल्यू कोणत्याही निवडा; दोन्हींना जुळणारी मॅट्रिक्स असतेच. सिद्धान्ताने इथे हात आखडता घेतल्यावर प्रश्नाच्या जाणकारीवर आणखी भार येतो. वेग आणि दाब एकत्र सोडवण्याच्या प्रश्नात मॅट्रिक्सचे सरळ चार खण पडतात. त्या खणांचा विचार करून, दाबाच्या खणात योग्य ती पूरक मॅट्रिक्स बसवून प्रीकंडिशनर बांधला तर, मर्फी, गोलब आणि वॉदन यांनी २००० मध्ये दाखवल्याप्रमाणे, निव्वळ तीन फेऱ्यांत उत्तर येते. ती पूरक मॅट्रिक्स नेमकी काढणे परवडत नाही. संथ, चिकट प्रवाहात मात्र तिच्या जागी जवळजवळ फुकट मिळणारी एक साधी मॅट्रिक्स चालते, आणि ती का चालते याचे उत्तर प्रवाहाच्या भौतिकीत आहे.

हे पुस्तक अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, आणि ज्यांच्या रोजच्या कामात अशी समीकरणे येतात त्यांच्यासाठी लिहिले आहे. पदवीच्या पातळीचे रेषीय बीजगणित आणि थोडे प्रोग्रॅमिंग एवढी तयारी पुरेल. सिद्धता जिथे समज वाढवतात तिथे पूर्ण दिल्या आहेत, बाकी ठिकाणी फक्त विधान आहे. संज्ञा वर्गात आणि प्रयोगशाळेत बोलल्या जातात तशाच ठेवल्या आहेत. आयगेनव्हॅल्यू काढण्याच्या पद्धती आणि कमी अचूकतेच्या आकड्यांवर चालणारी नवी यंत्रे हे दोन विषय जागेअभावी सोडावे लागले. दुसऱ्यावर स्वतंत्र पुस्तकच व्हायला हवे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक खरा प्रश्न आहे: भूजलाचा, धरणाचा, उष्णतेचा किंवा प्रवाहाचा. त्याची मॅट्रिक्स तयार दिलेली नाही. ती वाचकाने स्वतः उभी करायची आहे, आणि प्रीकंडिशनर निवडण्याआधी तिच्या एका ओळीतला प्रत्येक आकडा कुठून आला हे कागदावर लिहायचे आहे.